कॉम्प्रेसर मेला खरा. पण मारला कोणी?

रोग रेड्याला आणि डाग पखालीला, ही म्हण आपल्याकडे फार जुनी. पखाल वाहणारे रेडे शहरांतून केव्हाच नाहीसे झाले. म्हणीने मात्र आपला मुक्काम हलवलेला नाही. ती हल्ली मोटारदुरुस्तीच्या गॅरेजात राहते. गाडीतला गारवा गेला, की कॉम्प्रेसर बदला. वर्षाने पुन्हा गेला, की पुन्हा कॉम्प्रेसर बदला. तिसऱ्यांदा तोच प्रकार झाला म्हणजे मालक म्हणतो, "मालच खराब!" मिस्त्री म्हणतो, "साहेब, हल्ली सगळं डुप्लिकेट येतं." आणि रेडा बिचारा बॉनेटखाली कण्हतच राहतो.

आमच्या मेहुण्यांचेच उदाहरण घ्या. ते निफाडकडचे द्राक्षबागाईतदार. दारात एक पिकअप : पुढे दोन रांगांची केबिन, मागे उघडा हौदा. हौद्यात खते आणि क्रेट, केबिनमध्ये घरची माणसे. त्यांच्या मातोश्रींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नाशिकला न्यावे लागते. उपचार आटोपून थकलेला जीव मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या पत्र्याच्या डब्यात बसवून घरी आणायचा म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. अशा या गाडीचे तीन कॉम्प्रेसर अडीच वर्षांत गेले. दर खेपेला वीस-बावीस हजार रुपये, आणि दर खेपेला चार दिवस गाडी गॅरेजात. तिसरे बिल पाहून आमच्या ताईने यजमानांना विचारले, "अहो, आपण एसी दुरुस्त करतोय, की त्याची वार्षिक वर्गणी भरतोय?"

मालवाहू गाडीला एसी कशाला, ही चैन नव्हे काय, असे म्हणणारे वडीलधारे घरोघर असतात. त्यांना एवढेच सांगावे, की ३.५ टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन असलेच पाहिजे, असा नियम भारत सरकारने केला असून १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या गाड्यांना तो लागू आहे. घामाने निथळणाऱ्या, पेंगुळलेल्या चालकाच्या हाती गाडी देणे धोक्याचे, हे सरकारलाही पटले. लहान पिकअप त्या वजनात बसत नाहीत. पण त्यांतल्या माणसांना ऊन काही वजन पाहून लागत नाही.

आता हे यंत्र चालते कसे, ते पाहू. घरातला माठ डोळ्यांपुढे आणा. माठाच्या अंगावर झिरपलेले पाणी वाफ होऊन जाते, आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. गाडीतही तोच न्याय आहे. डॅशबोर्डमागे कूलिंग कॉइल असते. तिच्यात गॅस द्रवरूपाने शिरतो, वाफ होतो आणि केबिनमधली उष्णता शोषून घेतो. माठाची वाफ हवेत गेली ती गेली. इथली वाफ मात्र पुन्हा वापरायची असते. ती ओढून घेऊन दाबायची, हे काम कॉम्प्रेसरचे. दाबलेला तापलेला गॅस रेडिएटरपुढच्या कंडेन्सरच्या जाळीत जातो, बाहेरच्या वाऱ्याने निवतो आणि पुन्हा द्रव होतो. वाटेत ड्रायर त्यातला ओलावा टिपतो, एक्सपान्शन वॉल्व्ह त्याला बेताबेताने कॉइलमध्ये सोडतो, आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

या फेऱ्यातली एक गोष्ट मालकांना सहसा कोणी सांगत नाही. इंजिनाला जशी तेलाची स्वतंत्र टाकी असते, तशी बहुतेक कॉम्प्रेसरांना नसते. त्यांचे तेल गॅसच्या संगतीनेच नळ्यांतून हिंडते आणि गॅसबरोबरच घरी परतते. गॅस कमी झाला, की तेल वाटेतच रेंगाळते आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरू लागतो. मुलाच्या हाती भाजी आणायला पैसे द्यावेत आणि मुलानेच घरी येऊ नये, तशातली गत!

आमच्या मेहुण्यांना अखेर नाशिकातच दुसरे एक वृद्ध मिस्त्री भेटले. त्यांनी नव्या कॉम्प्रेसरचा भाव सांगण्याऐवजी जुना मागितला. तिसरा कॉम्प्रेसर अजून गोठ्यात पडून होता, तो आणला. मिस्त्रींनी त्यातले तेल पांढऱ्या फडक्यावर ओतले. ते काळपट होते आणि त्यात चांदीचा वर्ख कुस्करल्यासारखी चमक होती.

"हा आजारानं गेलेला नाही, भाऊ," ते म्हणाले. "ह्याला विष घातलंय."

"विष? कुणी घातलं?"

"ह्याच्या थोरल्या भावानं."

उलगडा असा. पहिल्या कॉम्प्रेसरच्या आधी दर उन्हाळ्यात 'गॅस कमी झालाय' म्हणून गॅस भरला जात होता. वास्तविक गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. दर वर्षी कमी होतो, याचा अर्थ तो कुठून तरी गळतो. इथे रबरी नळी जिथे ॲल्युमिनियमच्या नळीला मिळते, तिथे धूळ बसलेला तेलकट डाग होता. गॅस जातो तिथून तेलही जाते. गॅस दर वर्षी भरला, तेलाची चौकशी कोणी केली नाही. पहिला कॉम्प्रेसर उपाशी मेला. मरताना त्याच्या आतले धातू घासून जो चुरा झाला, तो गॅसबरोबर पुढे जाऊन कंडेन्सरमध्ये बसला. मग त्याच नळ्यांना नवा कॉम्प्रेसर जोडला गेला. कंडेन्सर तोच, ड्रायर तोच, गळतीही तीच. थोरल्याची राख पोटात घेऊन धाकटा फिरू लागला, आणि त्याची राख घेऊन तिसरा.

"कंडेन्सर धुऊन घेतला होता," मेहुणे म्हणाले. यावर मिस्त्री हसले. आजकालच्या कंडेन्सरच्या चपट्या नळ्यांत केसांसारख्या अनेक बारीक वाटा असतात. धुण्याचे औषध मोकळ्या वाटेने निघून जाते; तुंबलेली वाट तुंबलेलीच राहते. रबरी नळ्या आणि कूलिंग कॉइल धुता येतात. चुरा गेलेला असा कंडेन्सर मात्र बदलावाच लागतो.

मिस्त्रींनी कंडेन्सर, ड्रायर आणि एक्सपान्शन वॉल्व्ह नवे घातले. गळकी नळी बदलली. राहिलेल्या नळ्या धुऊन सुकवल्या. तेल ओतण्याआधी नव्या कॉम्प्रेसरमध्ये मुळात किती तेल आहे, ते मोजले. तेल कमी पडले तर कॉम्प्रेसर जातो. जास्त झाले तर गारवा जातो आणि दाब वाढतो. तेलाची जातही जुळावी लागते. जुन्या आर-१२ गॅसला खनिज तेल चालत असे. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनच्या रक्षणासाठी तो गॅस जगभर मागे पडला आणि आर-१३४ए आला. त्याला बहुधा पीएजी जातीचे तेल लागते. हे तेल हवेतला ओलावा मिठासारखे ओढते. डबा उघडा राहिला, की ओलावा आत शिरतो, पुढे आम्ल तयार होते आणि धातू खाते. म्हणूनच गॅस भरण्यापूर्वी पंपाने नळ्या निर्वात करायच्या. गॅरेजच्या भाषेत 'व्हॅक्यूम मारायचा'. या मिस्त्रींनी तो पाऊण तास मारला, पंप बंद करून काटा परत फिरतो का ते पाहिले, आणि मग बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेला गॅस काट्यावर तोलून भरला. 'हाताला गार लागेपर्यंत' भरला नाही. बिल एका कॉम्प्रेसरपेक्षा जास्त आणि दोन कॉम्प्रेसरांपेक्षा कमी झाले. आधीच्या तिन्ही बिलांवर जी एक ओळ नव्हती, ती यावर होती : कारण काय.

सगळ्याच गाड्यांत चुराच गुन्हेगार असतो असे नाही. कंडेन्सरपुढचा पंखा बंद पडला, किंवा जाळीत चिखल आणि किडे बसले, तरी उष्णता बाहेर पडत नाही. रहदारीत उभ्या गाडीत दाब भलताच चढतो आणि तो सारा कॉम्प्रेसरच्या छातीवर येतो. कधी कॉम्प्रेसर धडधाकट असतो आणि नुसता क्लच जळालेला असतो. पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये शिकागोत वातानुकूलित मोटार मांडली, तेव्हा तिला हा क्लच नव्हता. एसी बंद ठेवायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे! आज क्लच ते काम बसल्या जागी करतो. पण त्याला वीज कमी मिळाली किंवा त्याच्या चकत्यांतले अंतर वाढले, की तो घसरतो आणि जळतो. अशा वेळी वायर न तपासता कॉम्प्रेसर बदलला, तर नवा क्लचही त्याच वाटेने जाणार.

तेव्हा वाचकहो, गॅरेजात 'कॉम्प्रेसर गेला' हे शब्द कानी पडले, की एवढे पाच प्रश्न विचारा. जुन्याचे तेल कोणत्या रंगाचे निघाले? गळती कुठे होती? ड्रायर नवा घालणार ना? तेल मोजून आणि गॅस तोलून भरणार ना? पंखा आणि वीज तपासली का? उत्तर देताना जो चिडतो, त्याच्या हाती गाडी देऊ नका. जो जुना भाग दाखवतो, त्याला दोन पैसे जास्त द्या. शिवाय बिलावर नव्या ड्रायरची नोंद नसेल, तर पुष्कळ उत्पादक हमी मानत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. आणखी एक : नळ्या स्वतः सोडू नका. आत दाब असतो, आणि द्रवरूप गॅस डोळ्यांत उडाला तर इजा होते. शिवाय हवेत सोडलेला आर-१३४ए वजनास वजन धरले, तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक पृथ्वी तापवतो. आपली केबिन निवविण्यासाठी साऱ्यांचे अंगण तापवणे बरे नव्हे.

आता पाडव्याला गाडी धुऊन तिला हार घालाल. त्या वेळी पुढच्या जाळीवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका; तिची नाजूक पाती वाकतात आणि वारा अडतो. साध्या नळीने, हलक्या हाताने धुवा. थंडीत एसी लागत नाही म्हणून महिनोन्‌महिने बंदही ठेवू नका. आठवड्यातून दहा मिनिटे चालवा, म्हणजे आतली सीले तेलाने ओली राहतील. पखालीला डाग देण्यापूर्वी रेड्याच्या पाठीवरून एकदा असा हात फिरवला, तर पुढचा उन्हाळा सुखाचा जाईल.