दोन बोटी आणि कपाटातले कागद

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की पार्सिपनीतल्या मराठी घरांतून अलीकडे एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे बोटीची सहल. पूर्वी नायगारा पाहिला, वॉशिंग्टन पाहिले, मुलांना डिस्ने दाखवले की पाहुण्यांना अमेरिका दाखवून झाली असे आपण समजत असू. आता भारतातून आईवडील आले की क्रूझचा बेत ठरतो. त्यात गैर काही नाही. वडीलधाऱ्यांना फार चालावे लागत नाही, सामान एकदा खोलीत टाकले की आठवडाभर हलवावे लागत नाही, मुले आपापल्या उद्योगाला लागतात, आणि बंदरही घरापासून फार दूर नाही. बेत सर्वांना पटतो. वाद सुरू होतो तो बोट कोणती घ्यावी यावर.

असाच एक वाद आम्ही एका स्नेह्यांच्या घरी ऐकला. माणसे सहा : नवराबायको, दोन मुले आणि अलिबागहून आलेले आजीआजोबा. टेबलावर दोन बोटींची माहिती पसरलेली. एक रॉयल कॅरिबियन कंपनीची ‘सिंफनी ऑफ द सीज’, जी २०२४ साली आपल्या न्यू जर्सीतल्या बायोन बंदरात आली. दुसरी ‘एम.एस.सी. मेराविलिया’, जी एप्रिल २०२३ पासून ब्रुकलीनहून वर्षभर धावू लागली. मुलांचा कौल सिंफनीला, कारण ती मोठी. सूनबाईंचा मेराविलियाला, कारण त्या आठवड्यापुरते तिचे भाडे कमी दिसत होते. आजींचा प्रश्न एकच : “मोठी असो की लहान, परत येते ना ती?” सगळे हसले. आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या प्रश्नाकडे आम्ही शेवटी वळणार आहोत. आधी बोटींचा हिशेब पाहू.

दोन्ही बोटी फ्रान्समधल्या सँ-नाझेर येथील एकाच कारखान्यात बांधलेल्या. मेराविलिया २०१७ची, सिंफनी २०१८ची. मेराविलियाची लांबी ३१५ मीटर, सिंफनीची ३६१ मीटर, म्हणजे आपल्या रेल्वेचे पंधरा डबे एकापुढे एक लावले तर जेवढे होतील तेवढी. माहितीपत्रकात ‘ग्रॉस टनेज’ म्हणून जो आकडा असतो त्याला पुष्कळ लोक बोटीचे वजन समजतात. ते वजन नव्हे. बोटीच्या आत बंदिस्त जागा किती, याचे ते माप आहे. सिंफनीचा हा आकडा २,२८,०८१ आणि मेराविलियाचा १,७१,५९८.

नुसत्या या आकड्यांवरून काही ठरत नाही. दहा खोल्यांच्या वाड्यात पन्नास माणसे कोंबली तर तीन खोल्यांचे बिऱ्हाड बरे म्हणावे लागेल. म्हणून जागेला माणसांनी भागावे. प्रत्येक खोलीत दोन माणसे धरली तर सिंफनीवर ५,५१८ आणि मेराविलियावर ४,४८८ उतारू मावतात. भागाकार येतो अनुक्रमे सुमारे ४१ आणि ३८. परंतु शाळांना सुटी असते तेव्हा एकेका खोलीत तीनतीन, चारचार माणसे असतात. तेव्हा सिंफनीची कमाल मर्यादा ६,६८० आणि मेराविलियाची ५,६४२. मग हा भागाकार ३४ आणि ३० वर उतरतो. मोठी बोट म्हणजे अधिक दाटी, हा समज निदान या जोडीपुरता खरा नाही. उलट सुटीच्या दिवसांत कोणतीही बोट घ्या, आपल्या वाट्याची जागा घटणारच. आणि हा फरक दोन बोटींमधल्या फरकापेक्षा मोठा आहे. मुलांची शाळा बुडवा असे आम्ही म्हणणार नाही, पण आजीआजोबांनाच न्यायचे असेल तर शाळा सुरू झाल्यावरचा आठवडा निवडावा.

दुसरा हिशेब पैशांचा. जाहिरातीतला आकडा दरडोई असतो आणि एका खोलीत दोघे गृहीत धरलेला असतो. त्यावर बंदराची पट्टी व कर येतात. शिवाय बहुतेक कंपन्या नोकरचाकरांच्या बक्षिसीपोटी दररोज दरडोई रक्कम लावतात. ती १८ डॉलर धरली तर सहा माणसांचे सात दिवसांचे ७५६ डॉलर होतात, आणि त्यात लहान मूलही पुरे माणूस धरले जाते. शीतपेये, इंटरनेट, गाडी उभी करण्याचे भाडे हे वेगळे. पार्सिपनीकरांना बायोन सोपे : २८० वरून टर्नपाइक, मग १४-ए चा फाटा. ब्रुकलीनच्या रेड हुकला जायचे तर नदी ओलांडणे आले आणि बोगद्यांचे नाहीतर पुलांचे टोल आले. स्वस्त दिसणारे भाडे या वाटेवरच निम्मे फिटते.

तिसरा हिशेब ऋतूचा. भर हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या आसपासून निघणाऱ्या बोटीला उबदार पाणी गाठण्यापूर्वी खवळलेला अटलांटिक पार करावा लागतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बायोनहून निघालेली ‘अँथेम ऑफ द सीज’ केप हॅटेरासजवळ वादळात सापडली आणि सहल अर्धवट टाकून परत आली. बोट नवी होती, प्रचंड होती. समुद्राने तिचा मुलाहिजा राखला नाही.

इथपर्यंतचा विचार कोणीही सुजाण गिऱ्हाईक करील. आपल्या लोकांसाठी याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे, आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेली नसते.

सिंफनीवर बहामाचा झेंडा आहे आणि मेराविलियावर माल्टाचा. बोटी न्यू जर्सी-न्यूयॉर्कहून निघतात, उतारू बहुतांशी अमेरिकन, पण बोटी परदेशी. याचे कारण कर आणि मजुरीचे कायदे. परदेशी झेंड्याखालच्या बोटींना अमेरिकेत आयकराची मोठी सवलत मिळते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्यमंत्र्यांनी ही सवलत बंद करण्याची भाषा केली तेव्हा या कंपन्यांचे शेअर एका दिवसात घसरले होते. सहल आपल्याला परवडते ती काही अंशी या झेंड्यामुळे, आणि काही अंशी गोव्यापासून फिलिपीन्सपर्यंतच्या त्या मुलांमुळे, जी महिनोन्महिने घर सोडून आपली ताटे उचलत असतात.

या झेंड्याची दुसरी बाजू अशी. १८८६ सालचा एक अमेरिकन कायदा परदेशी बोटींना अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात उतारू नेण्याची मनाई करतो. बायोनहून निघून बायोनलाच परतायचे असले तरी वाटेत एखादे परदेशी बंदर घ्यावेच लागते. म्हणून या सहलींत बहामा, बर्म्युडा किंवा कॅनडा हटकून असतो. थोडक्यात, बोटीवर पाय ठेवला की आपण देश सोडला. परतताना इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यासमोर उभे राहावे लागते. जणू आपण मुंबईहूनच आलो.

आता त्या सहा माणसांकडे पाहा. मुले इथे जन्मलेली. अमेरिकन नागरिकाला अशा ये-जा सहलीवर जन्मदाखल्यावरही परतता येते. ग्रीनकार्डवाल्याला कार्ड आणि पासपोर्ट पुरतो. कॅनडाचा व्हिसाही त्याला लागत नाही. आजीआजोबांकडे पर्यटक व्हिसा आहे. त्यावर एकाहून अधिक वेळा प्रवेशाची मुभा आहे ना, एवढे पाहिले की अमेरिकेत परतण्याची सोय झाली. पण बोट कॅनडाला जाणार असेल तर भारतीय पासपोर्टावर कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, मग हॅलिफॅक्सला चार तासच उतरायचे असले तरी. बर्म्युडाचे नियम निराळे, बहामाचे निराळे.

खरी अडचण निघाली ती कर्त्या मुलाची. तो एच-वन-बी वर, बायको एच-फोर वर. कंपनीने मुदत वेळच्या वेळी वाढवून घेतली आहे, कागद चोख आहेत. पण पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का दोन वर्षांपूर्वीच संपला होता. अमेरिकेत राहायला त्या शिक्क्याची गरज नसते. तो लागतो बाहेरून आत येताना. म्हणून तो संपला हे पुष्कळांच्या लक्षातच राहत नाही. कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन परतणाऱ्याला, इतर कागद शाबूत असल्यास, संपलेल्या शिक्क्यावर परतण्याची सवलत नियमात आहे. बहामा-बर्म्युडासारख्या बेटांसाठी ती विद्यार्थी आणि विनिमय व्हिसाधारकांपुरती आहे, एच-वन-बी वाल्यांना नाही. बहामाची बोट सिंफनी असो वा मेराविलिया, उत्तर एकच.

अशी चूक पूर्वीही महाग पडत असे. आता ती नोकरीवर बेतू शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकन परराष्ट्र खात्याने फर्मावले की व्हिसाचा अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातूनच करावा. कुठल्या तरी जवळच्या देशात जाऊन शिक्का मारून आणण्याची वाट त्यामुळे बंद झाली. डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी आणि एच-फोर अर्जदारांच्या समाजमाध्यमांची तपासणी सुरू झाली, आणि भारतातल्या अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती काही महिने पुढे गेल्या. सात दिवसांच्या मौजेसाठी निघालेला माणूस सात महिने मुंबईत अडकला, तर इथले घराचे हप्ते कोणी भरायचे आणि मुलांच्या शाळेचे काय? कंपनी किती दिवस जागा राखील?

गंमत अशी की या कुटुंबाला चालेल अशी एक मोठी बोट आहे. हवाई बेटांत होनोलुलूहून फिरणारी ‘प्राइड ऑफ अमेरिका’ ही अमेरिकन झेंड्याची बोट असल्यामुळे तिला परदेशी बंदर घ्यावे लागत नाही. पण तिथवर सहा जणांचे विमानभाडे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. दुसरी वाट म्हणजे कॅनडाचे व्हिसे काढून उत्तरेची सहल. तीही वकिलाला कागद दाखवूनच. तिसरी वाट थांबण्याची, आणि त्या घराने तूर्त तीच धरली. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी त्यांनी कपाट उघडून पासपोर्ट पाहिले, म्हणून नुकसान झाले नाही. भरल्यानंतर पाहिले असते तर गोष्ट निराळी होती.

आमचे सांगणे एवढेच. बोटींची तुलना जरूर करावी, भागाकारही करावेत. पण त्याआधी घरातल्या प्रत्येकाचे कागद टेबलावर मांडावेत आणि ज्याचा कागद सर्वांत कच्चा, त्याच्यापासून सहल ठरवावी. कुटुंबाची बोट तो कागद ठरवतो. वडीलधाऱ्यांसाठी घेतलेला आजारपणाचा विमा समुद्रावर आणि परक्या बंदरात चालतो का, हेही लेखी विचारून घ्यावे. मेडिकेअरवाल्यांनीदेखील ध्यानात ठेवावे की अमेरिकन बंदरापासून सहा तासांहून दूर गेलेल्या बोटीवरील उपचारांचे पैसे मेडिकेअर देत नाही.

आता आजींचा प्रश्न. त्या अलिबागच्या. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या किनाऱ्यावर असे गाव क्वचितच असेल जिथे तिची आठवण सांगत नाहीत. आजी तेव्हा तान्ह्या होत्या. घरात ऐकत ऐकत मोठ्या झाल्या. आजच्या बोटींची त्या काळच्या बोटींशी बरोबरी नाही. २०१२ साली इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली, त्यानंतर उतारूंची संकटकाळची कवायत बोट निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच घेण्याचा नियम झाला. ती कवायत कंटाळवाणी वाटली तरी चुकवू नये.

बोटीपुरते उत्तर आम्ही आजींना दिले : “आजी, बोट परत येते.” त्यावर त्यांनी मुलाकडे पाहून विचारले, “आणि हा?” माहितीपत्रके बाजूला सारून पासपोर्ट बाहेर काढले गेले ते त्यानंतर. ज्यांचे बेत अजून ठरायचे आहेत त्यांनीही कंपनीला फोन लावण्यापूर्वी हाच प्रश्न आपापल्या घरी विचारावा.