सहलीला न गेलेल्यांचे तीन दिवस

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरल्या की मुख्याध्यापकांच्या टेबलावर सहलीची फाइल आकार घेऊ लागते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, विद्यार्थ्यांची यादी, पालकांची संमतीपत्रे, एसटी आगाराकडे केलेली गाडीची मागणी, सोबत जाणाऱ्या शिक्षकांची नावे, मुली असतील तर शिक्षिकेचे नाव, मुक्कामाचे ठिकाण, प्रथमोपचाराची पेटी. २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातील मुले बुडाली, तेव्हापासून परवानगीचे नियम कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. मात्र या गठ्ठ्यात एक कागद सहसा सापडत नाही. वर्गाचा पट चाळीस आणि सहलीच्या यादीत नावे सव्वीस असतील, तर उरलेली चौदा मुले त्या तीन दिवसांत शाळेत काय करणार, हे कोणी विचारत नाही, म्हणून कोणी लिहीतही नाही. माझी मागणी एकच आहे: हा कागद जोडल्याशिवाय मुक्कामी सहलीचा प्रस्ताव पूर्ण धरू नये.

ही चौदा मुले कोण, ते आधी पाहू. यवतमाळ जिल्ह्यात सहलीचा हंगाम आणि कापूस वेचणीचा हंगाम एकमेकांवर येतात. डिसेंबर-जानेवारीत हवा चांगली असते, वार्षिक परीक्षा लांब असते, म्हणून गाड्या शेगाव, लोणार, वेरूळ, रायगडाकडे निघतात; आणि नेमके तेव्हाच शेतात पऱ्हाटी पांढरी झालेली असते, तूर सोंगणीला आलेली असते. समजा, दोन मुक्कामांच्या सहलीची वर्गणी दीड हजार रुपये आहे. वेचणीची मजुरी किलोला दहा रुपये धरली, तर हे दीडशे किलो कापूस वेचल्याचे पैसे झाले. वेचा चांगला असला तरी एका बाईचे चार-पाच दिवस त्यात जातात, आणि घरात शाळकरी मुले दोन असतील तर हिशेब दुप्पट होतो. एसटी शैक्षणिक सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत देते, हा मोठाच आधार आहे. पण मुक्काम, जेवण, तिकिटे आणि पोराच्या हाती द्यायचे चार पैसे त्या सवलतीत बसत नाहीत. शिवाय पैसा हे एकच कारण नसते. पुसद, उमरखेड, महागावकडच्या तांड्यांवरून ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुले आजीजवळ असतात आणि आजी सही करायला धजत नाही. वयात आलेल्या मुलीला रात्री बाहेर ठेवायचे नाही, असे घर ठरवते. एखाद्याला फिट येते, एखादीला एसटीची पायरी चढता येत नाही, एखाद्याला परक्या ठिकाणी झोपायची खरोखर भीती वाटते. ही सगळी मुले एका यादीत येतात आणि त्या यादीला नाव मिळते ‘न जाणारे’.

सहलीच्या आदल्या दिवशी ही मुले एक प्रश्न हमखास विचारतात: ‘सर, उद्या शाळा आहे का?’ त्याचे उत्तर बहुधा अर्धवट असते. या, पण दप्तर नको. या, पण पाचवीच्या वर्गात बसा. नाही आलात तरी चालेल. मग आलेल्यांकडून मैदान झाडून घेतले जाते, चित्र काढायला सांगितले जाते, दुपारचा पोषण आहार झाला की घरी सोडले जाते. दुसऱ्या दिवशी त्यातली निम्मी येत नाहीत आणि घरी राहिलेल्या मुलाच्या कमरेला वेचणीची ओटी बांधली जाते. इथे आपण कायद्याकडे पाहिले पाहिजे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा चालली पाहिजे, असे लिहिले आहे. तासही ठरलेले आहेत, अनुक्रमे ८०० आणि १०००. सहलीचे दिवस शाळा कामकाजाचे म्हणून मोजते, मग ते सहलीला न गेलेल्या मुलाचेही कामकाजाचे दिवस ठरतात. त्याच्या वाट्याचे तीन दिवस परस्पर वजा करण्याचा अधिकार कोणाला नाही. आणि सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट पुढच्या आठवड्यात घडते. सहल परतते आणि फळ्यावर निबंधाचा विषय येतो, ‘आमची सहल’. वर्गातल्या चौदा मुलांनी तेव्हा काय लिहायचे? काही जण शेजाऱ्याला विचारून न पाहिलेल्या किल्ल्याचे वर्णन लिहितात. शाळेनेच मुलाला खोटे लिहायला लावावे, ही साधी बाब नाही.

त्या तीन दिवसांत काय करता येईल, याचे उत्तर जिल्ह्यातच आहे. दहावीच्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातला पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’ हा आहे. तिथली मुले नळदुर्गहून अलिबागला जातात. परंतु प्रश्नावली तयार करणे, नोंदी घेणे, आकृत्या काढणे आणि अहवाल लिहिणे हे त्यातले खरे काम गावापासून दहा किलोमीटरवरही होते. जिनिंगचेच घ्या. आपल्या बहुतेक तालुक्यांत जिनिंग आहे आणि मागे राहिलेल्या मुलांपैकी अनेकांच्या घरचा कापूस तिथेच जातो, तरी आत काय होते ते त्यांनी पाहिलेले नसते. कापसातून सरकी वेगळी होते, रुई पुढे सरकते, प्रेसमध्ये दाबून तिची गठाण बांधली जाते. एका गठाणीत १७० किलो रुई असते. कापसाचा रुईचा उतारा ३४ टक्के धरला, तर एका गठाणीला पाच क्विंटल कापूस लागतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये ठरला; म्हणजे त्या एका गठाणीमागे शेतकऱ्याच्या हाती ४०,५५० रुपये यायला हवेत. प्रत्यक्षात किती आले, कवडी म्हणून किती कापले, हमाली-तोलाईला किती गेले, हे मुलाने घरी विचारून वहीत मांडायचे. सातवीच्या शेकडेवारीचा याहून चांगला तास मला सुचत नाही. आणि त्या तासाला वेचणी करणाऱ्या घरातला मुलगा वर्गात सर्वांत जाणकार ठरतो. सरांना न कळणारा कापसातला फरक त्याला बोटांनी कळतो.

दुसरे उदाहरण वाघाचे. टिपेश्वर अभयारण्य पांढरकवड्याजवळ आहे, क्षेत्र जेमतेम १४८ चौरस किलोमीटर. २०१९ मध्ये तिथला रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर वाघ नवा मुलूख शोधत निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातून १३०० किलोमीटरहून जास्त चालून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. भिंतीवरचा जिल्ह्याचा आणि राज्याचा नकाशा काढून त्यावर हा प्रवास शोधायचा, वाटेतल्या नद्या, रस्ते, शेते कोणती असतील ते ठरवायचे, आणि कोणताही वाघ जन्मलेले जंगल का सोडतो यावर वनरक्षकाला प्रश्न विचारायचे, यात एक दिवस सहज जातो. गाडीची सोय झाली तर टिपेश्वर, नाही झाली तर वनरक्षकच शाळेत. तसेच यवतमाळ-मूर्तिजापूर ही नॅरोगेज रेल्वे ‘शकुंतला’: तिच्याशी जोडलेले किलिक निक्सन कंपनीचे नाव, कापूस मुंबईकडे नेण्यासाठी टाकलेली लाइन, १९९४ पर्यंत चाललेले वाफेचे इंजिन, आणि दुसरीकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेला वर्धा-कळंब ब्रॉडगेज मार्ग. जुने स्थानक आणि नवे स्थानक पाहून ‘रेल्वे कोणासाठी येते’ या प्रश्नावर आठवीच्या मुलांनी चर्चा केली, तर इतिहासाचे दोन धडे एका दुपारी होतात. झरी-मारेगावकडच्या शाळेत कोलाम पोडावरची मुले मागे राहिली असतील, तर बांबूच्या टोपल्या-सुपे करणारे आजोबा हे त्या दिवसाचे शिक्षक. मुलांनी त्यांच्याकडून कोलामी शब्द घेऊन चित्रांसह वही तयार करावी. ती पुढच्या वर्षी पहिलीत येणाऱ्या पोरांना उपयोगी पडेल. हे नवेही नाही. शेजारच्या वर्ध्यात १९३७ मध्ये नई तालीमचा विचार मांडला गेला, तो परिसरातल्या हाताच्या कामातून शिकण्याचाच होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. त्यातले तीन दिवस इथे खर्ची टाकावेत, वेगळे वेळापत्रक लागत नाही.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो मी हलका मानत नाही. मागे राहणाऱ्यांसाठी चांगला कार्यक्रम आखला, तर गरिबाने मागेच राहावे यावर आपण शिक्का मारतो. त्यापेक्षा सगळ्यांना फुकट न्या, असे म्हणणाऱ्यांचा हेतू माझ्याहून वेगळा नाही. इंग्लंडमध्ये १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने शाळेच्या वेळेतल्या शिक्षणासाठी पैसे घेण्यास मनाई केली. पालकांकडे ऐच्छिक वर्गणी मागता येते, पण ती दिली नाही म्हणून मुलाला वगळता येत नाही. मुक्काम-जेवणाचा खर्च घेता येतो, मात्र ठरावीक सरकारी मदत मिळणाऱ्या कुटुंबांना त्यातूनही सूट आहे. जपानमध्ये नगरपालिका गरजू कुटुंबांना जी शालेय मदत देतात तिच्यात सहलीचा खर्चही धरलेला असतो. आपल्याकडेही हेच व्हावे, आणि त्यासाठी भांडले पाहिजे. तरीही पैशाचा प्रश्न पूर्ण सुटला, तरी फिट येणारा मुलगा, आजीजवळची मुलगी आणि घाबरणारे मूल शाळेतच असणार. इंग्लंडमधल्या अनेक शाळा मुक्कामी सहलीच्या आठवड्यात न गेलेल्यांसाठी वेगळे उपक्रम ठेवतात ते याच कारणाने. अपंग मुलांच्या बाबतीत तर २०१६ चा अपंग हक्क कायदा खेळ आणि करमणुकीच्या संधी इतरांच्या बरोबरीने द्यायला सांगतो. एसटीची पायरी चढता न येणाऱ्या मुलीसाठी चढता येईल अशी गाडी शोधणे हे शाळेचे पहिले काम. पण ती गाडी मिळेपर्यंतची वर्षे तिने व्हरांड्यात बसून काढायची का? दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील, आणि दुसऱ्याला निधी मंजूर होण्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरा आक्षेप शिक्षक करतात, आणि त्यांचे दुखणे खरे आहे. पहिली ते सातवीच्या शाळेत चार शिक्षक. दोन सहलीबरोबर गेले, उरलेल्या दोघांवर लहान वर्ग, पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि वर हे चौदा. त्यांना आणखी एक काम सांगणे अन्याय आहे, हे मान्य. म्हणूनच हे नियोजन एकट्या शाळेवर सोडू नये, केंद्राच्या पातळीवर व्हावे. एका केंद्रातल्या दोन-तीन शाळांनी सहली एकाच आठवड्यात काढल्या, तर मागे राहिलेली मुले एकत्र करून केंद्रशाळेत त्यांचा एक गट होतो, आणि त्या गटाला पूर्णवेळ एक शिक्षक देता येतो. केंद्रप्रमुखाने एक परिषद कमी घेतली तरी हे बसते. शिक्षक निवडतानाही विचार हवा. सहलीतून वगळला गेलेला, नाराज माणूस या मुलांच्या माथी मारला, तर तीन दिवस वाया गेलेच समजा. या गटासाठी शाळेतला सर्वांत हौशी शिक्षक ठेवावा आणि त्याला पुढच्या वर्षी सहलीला पाठवावे.

काही पालकांना अशीही धास्ती वाटते, की शाळेत इतकी मजा असेल तर मुले सहलीला येणार नाहीत, गाडी भरणार नाही आणि बाकीच्यांची वर्गणी वाढेल. मला यात तथ्य दिसत नाही. रात्री मित्रांशेजारी झोपण्याची आणि पहिल्यांदा मोठा किल्ला पाहण्याची जागा जिनिंगची भेट घेऊ शकत नाही. सहल सहलीच्या जागी हवीच. तिची किंमत कमी करावी असे इथे एका शब्दानेही सुचवलेले नाही.

एक धोका मात्र टाळायला हवा. परिसरातून शिकण्याच्या नावाखाली मागे राहिलेल्या मुलांकडून शाळेची रंगरंगोटी, बागेची निंदणी, गोदामाची साफसफाई करून घेतली जाऊ नये. इतर वेळी श्रमदान चांगले असेल, पण वर्गमित्र लोणारचे सरोवर पाहत असताना या मुलांच्या हातात खराटा देणे म्हणजे त्यांची जागा त्यांना दाखवणे आहे, आणि मुलांना ते शब्दांशिवाय कळते. म्हणून त्यांच्या दिवसांतही बाहेर पडणे असावे, एक वेळचे चांगले जेवण असावे, फोटो असावेत, आणि सहल परतल्यावर दोन्ही गटांनी वर्गासमोर मांडणी करावी. निबंधाचा विषय ‘आमची सहल’ऐवजी ‘या आठवड्यात मी पाहिलेले’ असा ठेवला, की चाळीसही मुलांना खरे लिहिता येते.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने सोळाही तालुक्यांसाठी एक पानाचा नमुना काढावा. मागे राहणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव, न जाण्याचे कारण पालकाच्या शब्दांत, तीन दिवसांचा कार्यक्रम, जबाबदार शिक्षक, भेटीचे ठिकाण, जेवणाची सोय. कारणांचा हा रकाना फार मोलाचा ठरेल, कारण पैशाअभावी किती मुले राहतात आणि गाडीअभावी किती, हे त्यातून पहिल्यांदाच कागदावर येईल, आणि मोफत सहलीची मागणी करणाऱ्यांच्या हातातही तोच पुरावा लागेल. मात्र ही कारणे वर्गात वाचून दाखवायची नाहीत, फाइलमध्येच राहू द्यायची. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. सहलीच्या ठरावावर सही करण्याआधी त्यांनी हे पान मागावे. परिपत्रक दिवाळीपूर्वी निघाले तर या वर्षीच्या प्रस्तावांना लागू होईल. आगारात गाड्यांची नोंदणी सुरू झाल्यावर निघाले तर आणखी एक हिवाळा जाईल.