आजीच्या आसरा आणि आयर्लंडच्या पऱ्या

बालमित्रांनो,

परी म्हटलं की पंख आणि चांदणीची काठी आठवते ना? आयर्लंडच्या लोककथांतल्या पऱ्या मात्र टेकड्यांच्या पोटात राहतात. त्या रागावू नयेत म्हणून लोक त्यांना 'भली माणसं' म्हणायचे. आपण नाही का, रात्री सापाला नुसतं 'जनावर' म्हणत!

केट थॉम्प्सन यांची 'द न्यू पोलिसमन' (२००५) ही कादंबरी याच पऱ्यांची. गावात कुणालाच वेळ पुरत नाही. आईला वाढदिवसाला वेळच हवा असतो! तो शोधायला निघालेला १५ वर्षांचा जेजे पोचतो पऱ्यांच्या देशात. तिथे कुणी म्हातारंच होत नाही.

आयर्लंडच्या अशा जुन्या गोष्टी टिकल्या कशा? १९३७ ते १९३९ मध्ये सुमारे ५,००० शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून त्या वह्यांत उतरवल्या. मुलं तुमच्याच वयाची!

आमचं बाळापूर मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर. माझी आजी म्हणायची, "भर दुपारी डोहाकडं जाऊ नोको बापू, तथी साती आसरा रायतेत." मग त्या सात जलदेवतांची लांबलचक गोष्ट. मी ती लिहिली नाही. आजी गेली. आता शेवट काही केल्या आठवत नाही.

तुम्ही असं करू नका. या रविवारी वही घेऊन आजीजवळ बसा. तिच्याच बोलीत लिहा, शुद्धलेखनाची काळजी नको. आणि पालकहो, तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवाल ना?

तुमचे,
गुरुजी