आजारी माणसाचा दाखला

महाराष्ट्रात पिवळी शिधापत्रिका मिळायला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांच्या आत असावे लागते. १ मे १९९९ रोजी तिरंगी शिधापत्रिका आल्या, तेव्हा ही मर्यादा ठरली. महिन्याचा हिशेब केला तर १,२५० रुपये. आज 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेतून एका बाईच्या खात्यात वर्षाला १८,००० रुपये जमा होतात. सरकार मदत म्हणून जी रक्कम देते, तेवढ्या एका रकमेपुढेही सरकारचीच गरिबीची व्याख्या तोकडी पडते. अन्नसुरक्षा कायद्यातल्या प्राधान्य कुटुंबांची मर्यादा थोडी वर आहे: खेड्यात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये. शहरातल्या अख्ख्या कुटुंबाने महिन्याला पाच हजारही कमवायचे नाहीत, असा त्याचा अर्थ. ठाण्यात किंवा पिंपरीत चार घरची धुणीभांडी करणारी बाई याहून जास्त मिळवते, आणि तरीही महिनाअखेरीला तिच्या घरात डाळीचा डबा रिकामा असतो. तिने खरे उत्पन्न सांगितले तर धान्य जाते. धान्य हवे असेल तर तिला खोटे लिहून द्यावे लागते. पोट भरण्यासाठी लाखो प्रामाणिक माणसांना दरवर्षी खोट्या आकड्याखाली अंगठा उमटवायला लावणारी ही व्यवस्था आम्हाला अन्यायाची वाटते, आणि या अंकाची सुरुवात तिच्यापासूनच करावीशी वाटली.

कोण गरीब, हे ठरवायचे कसे? ज्याच्या हातात पगाराची पावती आणि फॉर्म १६ आहे, त्याचे उत्पन्न सरकारला रुपयापर्यंत कळते. बाकीच्यांचे उत्पन्न तलाठ्याच्या अहवालावर आणि तहसीलदाराच्या सहीवर ठरते. बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतो आणि जोडीने सहा महिने कारखान्याच्या फडावर जातो. ती उचल उत्पन्न म्हणायची की कर्ज? हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर त्या जोडप्याचे वर्षाचे उत्पन्न काय धरायचे? दाखल्याच्या नमुन्यात या प्रश्नाला रकाना नाही. नाशिककडचा द्राक्षबागायतदार एका वर्षी चार पैसे पाहतो. पुढच्या वर्षी गारपीट होते, पण दाखला मात्र आदल्या वर्षाचा असतो. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या शेतात शिरल्या, माती खरवडून गेली. ऑगस्टमध्ये ज्यांचे बरे चालले होते, ते दसऱ्याला उघड्यावर आले. कागदाला हे कळायला वर्ष जाते.

२००२ सालच्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात तेरा प्रश्न होते. जमीन किती, घर कसे, अंगावर कपडे किती, जेवण किती वेळा, अशा प्रश्नांना गुण देऊन ५२ पैकी बेरीज काढायची आणि त्या बेरजेवर कुटुंबाचे भवितव्य ठरवायचे. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी त्या काळातल्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे तपासले, तेव्हा ग्रामीण भागातल्या सुमारे निम्म्या गरीब कुटुंबांकडे दारिद्र्यरेषेखालचे कार्डच नसल्याचे दिसले. निम्मी कुटुंबे! नको तो आत शिरला तर बातमी होते, चौकशी लागते. हवा तो बाहेर राहिला तर काहीच होत नाही. तो गप्प घरी जातो.

लाडकी बहीण योजनेत नेमके हेच झाले. सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याचा संशय सरकारनेच जाहीर केला, आणि १४,२९८ पुरुषांनी पैसे उचलल्याचेही उघड झाले. त्यांच्याकडून वसुली व्हावी, याबद्दल दुमत नाही. अडीच लाखांच्या उत्पन्नाचा निकष योजनेत पहिल्या दिवसापासून होता. मग पडताळणी विधानसभेची निवडणूक उरकल्यावर का सुरू झाली, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. रोख रकमेच्या योजनेला चाळणी असावी, हे आम्हाला मान्य आहे. पण ती पैसे देण्याआधी लावायची असते. २०२५ साली ई-केवायसीत बाईबरोबर तिच्या नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही मागितला गेला. नवऱ्याने टाकून दिलेल्या आणि वडील हयात नसलेल्या बाईने काय करायचे होते? योजना सर्वांत आधी जिच्यापर्यंत पोचायला हवी, तीच या रांगेतून परत फिरली. अपात्र किती, याचा आकडा मंत्रालय देते. परत फिरलेल्या बायकांचा आकडा कोणी ठेवत नाही.

पैशाच्या मदतीत निदान थोडा वेळ तरी हाताशी असतो. अर्ज नामंजूर झाला तर दुसरा करता येतो. आजारात ती सवड नसते. शिवाय आजार स्वतःच उत्पन्न बदलतो. दाखला मागच्या वर्षीची कमाई सांगतो आणि कर्करोग पुढच्या तीन वर्षांची खातो. रिक्षावाला दवाखान्यात दाखल होतो, त्या दिवसापासून त्याची रिक्षा उभी राहते. सोबत बसलेल्या बायकोचा रोजही बुडतो. दारात आला तेव्हा तो मर्यादेच्या वर असेल, घरी जाताना खाली गेलेला असतो. कोणता दाखला हे टिपेल?

धर्मादाय रुग्णालयांची तरतूद बघा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६च्या योजनेनुसार या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवायच्या. निर्धनासाठी मर्यादा १,८०,००० रुपये, दुर्बलासाठी ३,६०,०००. तरतूद चांगली आहे आणि तिच्यामुळे अनेकांचे प्राण वाचले आहेत. पण रात्री अडीच वाजता अपघात विभागाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या मुलाने बापाच्या उत्पन्नाचा कागद कुठून आणायचा? आणि ३,६०,००० वरून चार लाखांवर गेलेल्या घराला लाखांतले बिल परवडते, हे कोणी ठरवले? २०२५ साली पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाने गर्भवती महिलेच्या नातेवाइकांकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला. जुळ्यांना जन्म दिल्यावर ती दुसऱ्या रुग्णालयात दगावली. अशा रकमेपुढे पिवळ्या कार्डवाला आणि पांढऱ्या कार्डवाला सारखेच हतबल असतात.

या गोंधळातून वाट काढणारा विचार महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वीच करून दाखवला होता. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या योजनेने कोणालाही उत्पन्न विचारले नाही. जो उन्हात पाझर तलावाची माती उपसायला तयार आहे त्याला काम द्यायचे, एवढाच निकष. बंगल्यात राहणारा माणूस खडी फोडायला येत नाही, त्यामुळे निवड आपोआप झाली. खर्चासाठी १९७५ साली नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या रुपयांनी सोलापूर-अहमदनगरच्या माळावर मजुरी दिली गेली. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घेण्याची जागा करवसुली आहे, दवाखान्याची खिडकी नव्हे, हे पागे यांनी ओळखले होते. श्रीमंतालाही मोफत उपचार का द्यायचे, असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर त्याच वाटेने जाते. त्याच्याकडून कर नीट घ्या. तो आजारी पडला की मात्र तो रुग्ण आहे.

सार्वजनिक आरोग्याचा मोठा भाग तर असा आहे की तिथे पात्र-अपात्र हा भेद लावताच येत नाही. १८९६ साली मुंबईत मांडवीच्या गोदामांच्या वस्तीत प्लेग दिसला आणि वर्षभरात तो पुण्यात होता. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च रोजी गेल्या. सरकारने मात्र पुण्यात लष्कर घरात घुसवून तपासण्या केल्या. त्या जुलमाचा संताप प्लेग अधिकारी रँडच्या वधापर्यंत गेला. साथीच्या काळात सरकार हवे असते, पण दंडुका घेऊन आलेले नव्हे, हे तेव्हाच कळायला हवे होते. मुंबईत पुढच्याच वर्षी सुधार न्यास स्थापन झाला, रस्ते रुंद झाले, दादर-माटुंग्याची आखणी झाली, कारण चाळीतला रोग चाळीत थांबत नाही.

२०२५च्या जानेवारीत पुन्हा तेच अनुभवले. पुण्यातल्या सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला परिसरात गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढत गेले. पुणे भागातली संख्या दोनशेच्या वर गेली. संशय दूषित पाण्यावर होता. ही गावे २०२१ साली महापालिकेत आली, पण शुद्धीकरण केंद्राचे पाणी त्यांच्यामागून आले नाही. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन टाकून काम भागवले जात होते. त्या नळाला सदनिकांतला आयटी अभियंताही जोडलेला होता आणि बांधकामावरचा मजूरही. पाण्याला उत्पन्नाची अट घालता येत नाही. औषधाच्या शुद्धतेलाही नाही. जानेवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने चौदा रुग्णांचा जीव घेतला. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध खरेदी आणि तपासणीतली सगळी कीड उघडी केली. पाणी तपासणारा, औषध तपासणारा, गावात तापाचे रुग्ण मोजणारा माणूस सरकारनेच नेमायचा असतो. बाजारात ते काम करणारा कोणी नाही.

महाराष्ट्राने अलीकडे घेतलेले दोन निर्णय आम्हाला मनापासून स्वागतार्ह वाटतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सर्व उपचार मोफत झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डवाल्यांसह सर्वांना खुली झाली आणि संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले. केंद्रानेही २०२४च्या धनत्रयोदशीला, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी, सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्न न विचारता आयुष्मान योजनेत घेतले. कार्डाचा रंग विचारणे थांबले, ही छोटी गोष्ट नाही.

पण मोफत म्हटलेले औषध फडताळात असावे लागते. १५ ऑगस्टच्या त्या निर्णयानंतर दीड-दोन महिन्यांतच मराठवाड्यातल्या नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. ते रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचे, म्हणजे मोफत उपचारांच्या आदेशाबाहेरचे. रुग्णाला खाते कोणते ते ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. राज्याची औषध खरेदी २०१७ साली हाफकिन महामंडळाकडे गेली. लस बनवण्यासाठी जगभर नाव कमावलेल्या संस्थेवर खरेदीची कामे लादली, तुटवड्याच्या तक्रारी वाढत गेल्या आणि २०२३ साली वेगळे प्राधिकरण काढावे लागले. तमिळनाडूने असे महामंडळ १९९४ साली स्थापन केले, जिल्हावार गोदामे बांधली आणि कोणत्या रुग्णालयाने किती उचलले याची नोंद ठेवली. आपण तीस वर्षे मागे आहोत, आणि ही तीस वर्षे सामान्य माणसाने बाहेरच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी घेऊन जाण्यात घालवली.

जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. मधुमेहाची रोजची गोळी, रक्तदाबाची तपासणी, मुलाचा खोकला हे सगळे तिच्याबाहेर राहते, आणि घराला पोखरणारा खर्च बराचसा तिथलाच आहे. देशात आरोग्यावरच्या एकूण खर्चातला लोकांनी थेट खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट खरी आहे. तरीही शंभरातले जवळपास चाळीस रुपये तेव्हाही रुग्णच भरत होता. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याची मुदत २०२५ दिली होती. ते वर्ष सरत आले तेव्हाही आपण त्या आकड्याच्या बरेच अलीकडे होतो. विम्याचा हप्ता भरणे सोपे असते, फीत कापण्यासारखे असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका कायमस्वरूपी नेमणे अवघड, कारण तिथे दरमहा पगार द्यावा लागतो. आम्हाला ते अवघड काम हवे आहे.

आमचे बहुतेक वाचक पांढऱ्या किंवा केशरी कार्डाचे आहेत. त्यांच्याकडे आमचे एक मागणे आहे. सरकारी रुग्णालय आता सरकारच्याच निर्णयाने त्यांचेही आहे; तिथे जावे, रांगेत उभे राहावे, औषध नसेल तर लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोचपावती मागावी. मध्यमवर्ग या रुग्णालयांतून निघून गेला, त्यानंतर तिथल्या दुरवस्थेबद्दल मोठ्याने बोलणारा फारसा कोणी उरला नाही. राज्याचा अर्थसंकल्प येईल, तेव्हा आपल्या आमदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि परिचारिकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, औषधांसाठी मंजूर रकमेतली प्रत्यक्षात किती पोचली, आणि गावाच्या पाण्याचा नमुना शेवटचा कधी तपासला.