प्रतिभेच्या दुखण्यावर टॅबलेट

‘सुचत नाही’ हे आपल्याकडचे एक प्रतिष्ठित दुखणे आहे. सुताराला आज रंधा सुचत नाही, किंवा पोळ्या करणाऱ्या बाईंना आज पोळी सुचत नाही, असे कोणी कधी ऐकले आहे काय? हे दुखणे जडते ते कवीला, कथाकाराला आणि विशेषेकरून चाली लावणाऱ्याला. आणि एकदा जडले म्हणजे त्याचा डौल काय वर्णावा! घरातली माणसे पाय न वाजवता चालतात, चहा न मागता येतो, आणि दुखणेकरी खिडकीशी बसून आभाळाकडे पाहतो. प्रतिभा म्हणे रुसली आहे. ती आपण होऊन येईल तेव्हा येईल.

हे थोतांड आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. ते निरुपद्रवी असते तर ऐन दिवाळीत मी त्याच्या वाटेला गेलो नसतो. परंतु या वाट पाहण्यापायी माणसे कायमची गप्प झाली आहेत. ‘पूर्वी मी चाली लावीत असे’ असे सांगणारा एखादा काका, ‘पूर्वी मी पेटी वाजवीत असे’ असे सांगणारी एखादी मावशी प्रत्येक कुटुंबात आहे. त्यांची प्रतिभा काही मेली नव्हती. तिची वाट पाहता पाहता हाताची सवय मात्र मोडली, आणि मग पेटीवर इस्त्रीचे कपडे ठेवले जाऊ लागले.

या दुखण्यावर मी जे औषध सुचवणार आहे त्याचे नाव ऐकून निम्मे वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. औषध म्हणजे टॅबलेट. पण डॉक्टरची गोळी नव्हे. मुले मांडीवर घेऊन बसतात ती काचेची पाटी. तिच्यावर रोज तासभर ‘मिनिमल हाऊस’ या जातीचे संगीत रचायचे.

‘म्हणजे ते नाचघरातले धबाधबा?’ होय, त्याच कुळातले. फक्त हा त्या घराण्यातला मितभाषी भाऊ आहे. हाऊसची ठेवण समजायला पाच मिनिटे पुरतात. चार मात्रांचे आवर्तन, मिनिटाला साधारण १२० ते १२५ ठोके. प्रत्येक ठोक्यावर खर्जातला एक ढोल, ज्याला किक म्हणतात. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर टाळी. दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये झांजेसारखी ‘छिस्’ करणारी हाय-हॅट. आणि तळाशी दोन-तीन स्वरांचा बास. टॅबच्या पडद्यावर यांतल्या प्रत्येकाला सोळा चौकोन मिळतात. बोट लावले की चौकोन उजळतो आणि त्या जागी तो आवाज वाजतो. १२० च्या लयीत सोळा चौकोन दोन सेकंदांत संपतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. सहा मिनिटांच्या तुकड्यात हे आवर्तन १८० वेळा फिरते. मिनिमल म्हणजे एवढ्यावरच भागवायचे. ऐकणाऱ्याला कंटाळा येऊ द्यायचा नाही, आणि तरी नवीन जवळजवळ काही आणायचे नाही. कुठे टाळी काढून घ्यायची, कुठे दबलेला बास हळूहळू मोकळा करायचा, कुठे एखादा ठोका एक चौकोन पुढे सरकवायचा. संपले.

आता यात औषध कुठे आहे? कोऱ्या कागदाला माणूस बिचकतो तो त्यावर काहीच लिहिता येत नाही म्हणून नव्हे. काहीही लिहिता येते म्हणून. इथे पहिल्याच मिनिटाला चार-पाच ठिकाणी बोट टेकले की काहीतरी वाजू लागते. फार चांगले नसेल, पण वाजते. आणि वाजते आहे म्हटल्यावर ‘मी काय निर्माण करू?’ हा छातीवर बसणारा प्रश्न उरतच नाही. त्याच्या जागी ‘ही टाळी जास्त होते आहे काय?’ असा घरगुती प्रश्न येतो. त्याला प्रतिभा लागत नाही, कान लागतो; आणि चौकोन विझवून पाहिला की उत्तर दोन सेकंदांत मिळते. असे शेदोनशे किरकोळ निर्णय करून माणूस तासाभराने उठतो, तेव्हा त्याच्या लक्षात येते की निर्णय करता येत नाहीत म्हणून तर आपण वर्षभर अडून बसलो होतो!

माझ्या माहितीतला एक तरुण एकांकिकांना संगीत देतो. त्याला असे एक वर्ष कोरडे गेले. मग त्याने स्वतःला हा नेम घालून घेतला: आवाज चारच, वेळ एक तास, आणि तास संपला की तुकडा संपला, मग तो बरा असो की वाईट. पहिले दहा-बारा तुकडे, तो स्वतःच सांगतो, डबे आपटल्यासारखे झाले. पुढे त्याला दिसून आले की पाचव्या आवाजाकडे आपला हात धावतो तो चौथा आवाज नीट ऐकलेला नसतो म्हणून. एकांकिकेतही तो हेच करीत असे. नटाने श्वास घेतला की बासरी, नटाने श्वास सोडला की सतार. गेल्या पावसाळ्यात त्याने एका एकांकिकेचे सबंध संगीत घुंगरांची एक जोडी आणि पेटीचा धरून ठेवलेला एक सूर एवढ्यावर केले. हाऊसचा तिथे मागमूस नव्हता, आणि नसावाच.

यावर वडीलधाऱ्यांचा ठरलेला आक्षेप असा, की हे यंत्राचे संगीत, यात माणूस कुठे आहे? हा आक्षेप पेटीच्या भात्याइतका जुना आहे. खुद्द पेटीला ऑल इंडिया रेडिओने १९४० साली दार बंद केले आणि ते पुढे तीस वर्षे बंद ठेवले. युरोपातून आलेली खोकी, तिला मींड येत नाही, तिच्या पट्ट्या आपल्या श्रुतींना जुमानत नाहीत, हे सगळे खरेच होते. तेवढ्या काळात महाराष्ट्रातले नाटक, कीर्तन आणि गायनाचे क्लास काय पेटीवाचून अडून बसले? आज तीच पेटी दिवाणखान्यात बसून टॅबला नाक मुरडते.

आणि ज्या संगीताला आपण नाके मुरडतो त्याच्या जन्मगावी तर याहून मोठा तमाशा झाला होता. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्कोच्या तबकड्यांचे खोके सुरुंगाने उडवून देण्यात आले. प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. ‘हे संगीतच नव्हे’ या मताचे इतके जोरकस प्रतिपादन आपल्या समीक्षकांनाही साधलेले नाही! त्याच शहरात ‘वेअरहाऊस’ नावाच्या नाचघरात १९७७ पासून फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवीत होता. तिथे जमणारे बहुतेक कृष्णवर्णी, त्यांतले बरेच समलिंगी. म्हणजे ज्यांचे गावात इतरत्र फारसे स्वागत नव्हते असे. त्या नाचघराच्या नावावरून ‘हाऊस’ हे नाव पडले.

त्या पोरांजवळ वाद्यवृंद नव्हता. जुन्या बाजारात पडलेली यंत्रे होती. रोलंड या जपानी कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी टीबी-३०३ नावाची एक डबी काढली होती. एकट्या गिटारवाल्याला घरबसल्या बासची साथ मिळावी हा हेतू. तो साफ फसला. डबीचा बास बाससारखा वाटेना, आणि १९८४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. शिकागोच्या तिघा मुलांच्या हाती अशी एक डबी आली. तिला हवे ते वाजवायला लावण्याऐवजी ती जे वाजवते आहे त्याच्याच खुंट्या पिळत ते बसले, आणि त्यातून १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ निघाले. प्रतिभा प्रसन्न होण्याची वाट पाहत बसले असते तर?

त्याच्या पाच वर्षे आधी, १९८२ साली, तीच डबी आमच्या मुंबईत वाजून गेली होती, हे किती जणांना ठाऊक आहे? हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी ही डबी, रोलंडचेच टीआर-८०८ हे तालयंत्र आणि एक सिंथेसायझर एवढ्या सामग्रीवर यमन, भूप, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले. तबकडी निघाली आणि कोणी विचारले नाही. शिकागोला त्यांचा पत्ता नव्हता, त्यांना शिकागोचा नव्हता. २०१० साली ती तबकडी परदेशातून पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झाले. सिंग २०१५ साली मुंबईतच वारले. एकीकडे रागाचे कुंपण, दुसरीकडे यंत्राचे कुंपण, आणि मध्ये हा माणूस मोकळा! कुंपणाने गुदमरणे हे रडगाणे निदान त्यांच्यापुढे तरी कोणी गाऊ नये.

‘पण तेच तेच!’ असे म्हणणाऱ्यांनी तबल्याच्या एकलवादनाला जाऊन बसावे. तिथे पेटीवाला तासभर एकच लहरा फिरवतो, आणि त्या तेचतेचपणावरच तबलजी उभा असतो. जाते फिरवणाऱ्या बायकांना तर ओव्या सुचल्याच फेऱ्यांच्या नादात. त्यांना कोणी ‘प्रतिभा रुसली काय’ असे विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळतो, कारण खरा राग माझा त्यांच्यावर आहे. ही मंडळी टॅबच्या बाजूची आहेत, पण औषधाच्या नावाखाली दुकान विकतात. एक ॲप पुरत नाही म्हणून दुसरे, चार आवाज पुरत नाहीत म्हणून चार हजार. गिऱ्हाईक संध्याकाळभर किकचे नमुने ऐकत बसते आणि झोपायच्या वेळी त्याच्याजवळ एकही आवर्तन नसते. हा तर कोरा कागदच झाला, फक्त हप्त्याने घेतलेला! २०१० साली आयपॅड नुकता निघाला होता, तेव्हा डेमन अल्बर्न या इंग्रज संगीतकाराने अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्या एका पाटीवर महिनाभरात गोरिलाज या आपल्या संघाचा ‘द फॉल’ हा संग्रह मुख्यतः रचला. जवळ जे होते त्यावर तो कामाला लागला.

अलीकडे एक वाक्य टंकले की सबंध गाणे हातात ठेवणारी यंत्रेही निघाली आहेत, आणि सुचत नाही म्हणून माणसे तिकडे धावू लागली आहेत. ज्याचा पाय आखडला आहे त्याला पालखीत घालून गावभर मिरवले तर त्याचा पाय सुटेल काय? टाळी ठेवावी की काढावी हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. तेवढे एकच काम होते, तेही यंत्राने उरकले.

तेव्हा या सुट्टीत घरातले कोणी कानाला इअरफोन लावून, मांडीवर टॅब घेऊन, मान हलवीत बसलेले दिसले तर ‘खेळत बसलाय’ म्हणून लगेच ओरडू नका. काय केलेस ते ऐकव, असेही म्हणू नका. ऐकवण्यासारखे बहुधा नसेलच. आणि फराळाला हाक मारायची असेल तर त्याचा तास संपल्यावर मारा; चकल्या काही मऊ पडत नाहीत.