पाटीवर ‘सायकॉलॉजिस्ट’ आहे, पण नोंदणी क्रमांक आहे का?

खारदांड्यातल्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ मुलाला घेऊन परत आले. मुलाला नैराश्यासाठी गोळ्या सुरू होत्या. सोबत समुपदेशनही व्हावे म्हणून मीच त्याला एका ‘सायकॉलॉजिस्ट’कडे पाठवले होते. तिथे त्याला गोळ्या बंद करायला सांगितले गेले. काही आठवड्यांतच त्याची झोप उडाली, जेवण सुटले. चौकशी केल्यावर कळले की त्या व्यक्तीकडे फक्त काही महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सचे प्रमाणपत्र होते. मी पाटी वाचली, नोंदणी विचारली नाही. ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख.

कोण कोणते उपचार करतो?

सायकिअॅट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. ते एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषधे देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रीय चाचण्या आणि थेरपी करतात. ते औषधे लिहून देत नाहीत, त्यामुळे सुरू असलेली औषधे बंद करण्याचा निर्णयही त्यांचा नसतो.

शिक्षण किती लागते?

मानसशास्त्रात बीए आणि एमए केले म्हणजे कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात याची व्याख्या आहे. भारतीय पुनर्वास परिषदेने (आरसीआय) मान्य केलेली क्लिनिकल सायकॉलॉजीची पात्रता हवी, किंवा एमएनंतर दोन वर्षांची पूर्णवेळ, परिषदेने मान्य केलेली एम.फिल. हवी. या दोन वर्षांत विद्यार्थी अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्ण पाहतो. ऑनलाइन कोर्समध्ये नेमके हेच नसते.

सध्या गोंधळ का आहे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केली. मात्र तज्ज्ञांची गरज लक्षात घेऊन क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी २०२५-२६ पर्यंत मुभा दिली. दरम्यान परिषदेने चार वर्षांचा बीएस्सी ऑनर्स आणि दोन वर्षांचा एमए असे क्लिनिकल सायकॉलॉजीचे नवे अभ्यासक्रम आणले. म्हणजे पुढची काही वर्षे नावापुढे वेगवेगळ्या पदव्या दिसतील. आधी मिळवलेली एम.फिल. रद्द झालेली नाही, तुमच्या थेरपिस्टकडे ती असेल तर काळजी नको.

दुसरा बदल २०२५ मधला. मानसशास्त्राचे पदवी अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन चालवू नयेत, असे आयोगाने सांगितले. पण खासगी संस्थांचे ‘सर्टिफाइड काउन्सेलर’ असे छोटे कोर्स अजूनही सर्रास विकले जातात.

इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांसाठी २०२१ चा संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा आहे, पण त्याची पूर्ण अंमलबजावणी अजून व्हायची आहे. तोपर्यंत चौकशी आपल्यालाच करावी लागेल. अनेक समुपदेशक उत्तम काम करतात. परीक्षेचा ताण, घरातले वाद, दुःख यांसाठी त्यांची मदत जरूर घ्या. नैराश्य, भास-भ्रम किंवा व्यसन यांसारखा आजार असेल तर मात्र आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.

पहिल्या भेटीत हे विचारा

• तुमचा आरसीआय नोंदणी क्रमांक काय? (परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळून पाहा आणि मुदत संपलेली नाही ना, हेही बघा.)
• समुपदेशक असल्यास: एमए कुठून केले? रुग्णांसोबतचे प्रशिक्षण कोणाच्या देखरेखीखाली झाले?
• गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवाल का?

प्रश्न विचारले म्हणून कोणी रागावले, किंवा तपासणीशिवाय ‘गोळ्या सोडा’ म्हणाले, तर तिथून उठा.

पैशांची अडचण असेल तर

आपल्या भागातून जुहूचे महापालिकेचे कूपर रुग्णालय जवळ आहे. तिथे मानसोपचार विभाग आहे. १४४१६ या सरकारी ‘टेलिमानस’ क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. जीव देण्याचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटे सोडू नका आणि थेट रुग्णालय गाठा.

त्या मुलाच्या गोळ्या मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू झाल्या आणि तो आता बरा आहे. मी मात्र तेव्हापासून नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय कोणालाही चिठ्ठी देत नाही. तुम्हीही विचारा. ज्यांच्याकडे नोंदणी असते, ते क्रमांक आनंदाने दाखवतात.