गाण्याचा पेपर

गाण्याची परीक्षा गाऊन द्यावी, फार तर ऐकून द्यावी. पण लिहून द्यावी, हे काही आपल्याला पटत नाही बुवा! हल्ली नव्वदीतल्या पॉप आणि रॉक संगीताचे ज्ञान तपासायची टूम निघाली आहे. प्रश्न काय, तर 'निर्वाना'च्या १९९१ सालच्या 'नेव्हरमाइंड'च्या वेष्टनावर पाण्यातले तान्हे बाळ कशाकडे झेपावते? उत्तर : गळाला लावलेल्या एका डॉलरच्या नोटेकडे. आता नाव निर्वाण आणि आमिष डॉलरचे, ह्यातली खोच कळली तरी गुण नाहीत. नोट केवढ्याची ते बोला!

पुढचा प्रश्न. १४ ऑगस्ट १९९५ रोजी 'ब्लर' आणि 'ओएसिस' ह्या इंग्रज मंडळींनी एकाच दिवशी आपापले गाणे बाजारात आणले. जिंकले कोण? 'ब्लर'. २,७४,००० विरुद्ध २,१६,०००. घ्या एक गुण! पण त्याच वर्षीच्या अल्बमांत 'ओएसिस'ने 'ब्लर'ला पार मागे टाकले, ते कोण विचारतो? म्हणजे उत्तर बरोबर आणि समजूत चूक. पानिपत १७६१ एवढे पाठ करून आपण इतिहासाला रामराम ठोकला, त्यातलाच हा प्रकार.

१९९४ च्या एप्रिलात कर्ट कोबेन गेला. तेव्हा ज्या पोराने त्याची कॅसेट फीत झिजेस्तोवर ऐकली, त्याला नोट आठवली नाही तर तो नापास? मला विचाराल, तर त्याचा पेपर न तपासता त्याला वरच्या वर्गात घालावे. तपासनिसांना मात्र एकदा, तोंड मिटून, ती कॅसेट ऐकायला बसवावे.